रुईचा एक तंतू

आदरणीय मॅडम,

मी बी.ए. प्रथम वर्षाला आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, कॉलेज तालुक्याला, जाणं-येणं एसटीनं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र हे माझे विषय. नव्या धोरणाप्रमाणे दुसऱ्या शाखेतला एक विषय घ्यावाच लागतो. बाकीच्या जागा भरल्या होत्या म्हणून 'जीवशास्त्राची ओळख' वाट्याला आला. दहावीनंतर विज्ञानाला भिऊनच आर्ट्सला आली, तर तेच मागं आलं. सर नोट्स लिहून देतात. मायटोकाँड्रिया, रायबोसोम, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम. मी लिहून घेते, पण डोक्यात काही शिरत नाही. मैत्रिणी म्हणतात, गाईड पाठ कर अन् मोकळी हो. मला पोलीस भरती करायची आहे, तिथं हे काय कामाचं? सुट्टीच्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला जावं लागते. यंदा पुन्हा बोंडअळी आहे. बाबा म्हणतात, अळीला आता सवय झाली. फवारा मारून आले की त्यांचं डोकं दुखतं, मळमळतं, ते म्हणतात ऊन लागलं. मावशीच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस प्रकारचा. त्याच्यामागं दवाखाना सुरूच असते आणि मावशीच्या सासरचे म्हणतात, हा रोग तुमच्या माहेरचा. अशा घरात अभ्यासाला वेळ कुठून आणू? पुढच्या सत्रात विषय बदलू, की पाठ करून पास होऊ?

एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

पोरी,

विषय बदलू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायचा नाही.

अभ्यासाला वेळ कुठून आणू, असं तू विचारलंस. त्याच्या आधीच्या चार ओळी पुन्हा वाच. बोंडअळी, फवारा, मावशीचा मुलगा. तुझ्या विषयातली तीन प्रकरणं तू स्वतःच्या हातानं लिहून पाठवलीस आणि तुला ती ओळखू आली नाहीत. यात तुझा दोष नाही. तुला नावं आधी मिळाली आणि वस्तू कुणी दाखवलीच नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात बरीच वर्षं हा विषय शिकवला. सुरुवातीला मीही फळ्यावर पेशीची आकृती काढायची, बाण काढून नावं लिहायची आणि मुलं ती उतरवून घ्यायची. एका हिवाळ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ही पेशी दिसते कुठं?" सकाळी वेचणी करून ती कॉलेजला आली होती, ओढणीला कापूस चिकटलेला. मी त्यातला एक तंतू काढून तिच्याच तळहातावर ठेवला. म्हटलं, ही बघ.

ही काही उपमा नव्हे. सरकीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी, अख्खी. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढ्या, आणि ही तीन सेंटिमीटरच्या आसपास लांब. पऱ्हाटीचं फूल उमलतं, पहिल्या दिवशी पांढुरकं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. त्या उमलण्याच्या दिवशीच पुढं सरकी होणाऱ्या इवल्या बीजांडाच्या सालीवरच्या काही पेशी बाहेर फुगू लागतात. दोन-तीन आठवडे त्या नुसत्या लांब होत राहतात. मग आतून सेल्युलोजचे थरावर थर बसतात. बोंड फुटलं की पाणी उडून जातं, पेशी मरते, चपटी होते आणि पीळ घेते. त्या पिळामुळं तंतू एकमेकांना धरतात, म्हणून सूत कातता येतं. मागं उरते ती पेशीची भिंत, नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज. व्यापारी चिमटीत रुई ओढून धाग्याची लांबी पाहतो ना, तो एका पेशीची लांबी पाहत असतो. तुझ्या अंगावरचा सुती कुडता पेशीभित्तिकांचा विणलेला आहे.

आता 'वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यांतला फरक लिहा' हा प्रश्न आला, तर पेशीभित्तिका तू विसरशील का? उद्या सरांना विनंती कर, सायन्सच्या प्रयोगशाळेत दहा मिनिटं बसू द्या. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पातळ पापुद्रा बघ आणि शेजारी घरून नेलेला कापसाचा तंतू बघ. मग त्याच दिवशी संध्याकाळी नोट्स वाच.

नावांचं भय तुला वाटतं ते खरं आहे, पण तू मराठी घेतलंस, समास सोडवतेस. ही नावंही तशीच सोडवायची. क्लोरोफिल: क्लोरो म्हणजे हिरवं, फिल म्हणजे पान. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे जोडून बनवणं, म्हणून प्रकाशसंश्लेषण. सायटो म्हणजे पेशी, हीमो म्हणजे रक्त, लायसिस म्हणजे फुटणं. हीमोलायसिस काय असेल ते तूच सांग. अशी पंधरा-वीस मुळं वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून ठेव, निम्मा अभ्यासक्रम उलगडतो. आणि पेपर मराठीत लिहायची मुभा आहे का ते सरांना आजच विचारून घे. असेल तर मराठीतच लिही.

आता बाबांच्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे. अळीला सवय झाली. गावोगाव हेच म्हणतात, कृषी केंद्रातही म्हणतात. वाक्य इतकं सहज आहे की त्यातली चूक दिसत नाही.

बाबा म्हणतात ती सवय बीटी कपाशीची. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं नाव, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. ते अळीच्या आतड्यात विरघळतं, आतड्याच्या आतल्या थराला चिकटतं, तिथं भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. ते प्रथिन बनवायची कृती, म्हणजे जनुक, पऱ्हाटीत घातलं. भारतात या कपाशीला २००२ साली मंजुरी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांची आली. सुरुवातीला बोंडं निर्मळ राहिली. मग गुलाबी बोंडअळी परत आली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिनं काय केलं ते तुझ्या घरी कुणाला सांगावं लागणार नाही. डोमकळ्या, किडकी बोंडं, हातात आलेली कवडी.

मधल्या काळात घडलं काय? कुठल्याही एका अळीला सवय झालेली नाही. बीटीचं बोंड खाल्लेली साधी अळी मेली, तिला शिकायला वेळच मिळाला नाही. पण लाखो-करोडो अळ्यांत मोजक्या अशा असतात की त्यांच्या आतड्याची ठेवण जन्मतःच थोडी वेगळी, ते प्रथिन तिथं चिकटत नाही. बाकीच्या मेल्या, या वाचल्या. वाचलेल्यांचे पतंग झाले, त्यांनी अंडी घातली. पुढच्या पिढीत तशा अळ्या वाढल्या, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी. बदलली ती अळ्यांची वस्ती, एखादी अळी बदलली नाही. डार्विननं १८५९ साली जे मांडलं, त्या नैसर्गिक निवडीचं प्रकरण तुझ्या पुस्तकात कुठल्यातरी दूरच्या बेटावरच्या पक्ष्यांवर संपत असेल. तुझ्या धुऱ्याच्या आत ते पंधरा-वीस वर्षांत घडून गेलं आणि त्याची किंमत तुझ्या घरानं मोजली.

बाबांना विचार, बीटीच्या थैलीसोबत बिगर-बीटी सरकीचं एक छोटं पाकीट यायचं, त्याचं काय करायचे? बहुतेकांनी ते फेकलं, ढोरांना घातलं. त्यांना कोण दोष देणार? चार ओळी मुद्दाम अळीला खाऊ घाला, असं त्या पाकिटाचं म्हणणं होतं आणि ते का, हे कुणी बसून समजावलं नाही. त्या चार ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळावेत, म्हणजे पिल्लांना प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत मिळते. एकच प्रत असलेली अळी बीटीवर सहसा मरते. दोन प्रती लागतात. ही 'एक प्रत, दोन प्रती' ध्यानात ठेव, मावशीच्या घरी पुन्हा लागणार आहे.

आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. संक्रांतीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली की तिला आणखी पिढ्या काढायला घर मिळतं, म्हणून फरदड घेऊ नका असं सांगतात. चार पैशांची निकड असलेल्या घराला हे जड जातं, मला माहीत आहे. पण निदान कारण कळून निर्णय व्हावा.

फवाऱ्याबद्दल मात्र मी कडक शब्दांत लिहिणार आहे. डोकं दुखणं, मळमळ, याला दरवेळी ऊन म्हणून सोडू नका. २०१७ मध्येच तुझ्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती आठवण गावात अजून ताजी असेल. फवारणीतली कितीतरी औषधं, मोनोक्रोटोफॉससारखी, किड्याच्या नसांवर काम करतात. किड्यात एका नसेकडून दुसऱ्या नसेला निरोप जातो तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन लगेच साफ करतं. औषध त्या विकराला बांधून टाकतं. मग निरोप थांबतच नाही, स्नायू थरथरत राहतात, किडा मरतो. तेच रसायन, तेच विकर माणसातही आहे. अळीची आणि आपली नस इतकी जवळची आहे की एकीला मारणारं दुसऱ्याला सोडत नाही. डोकं दुखणं, मळमळ, मग लाळ आणि घाम सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, अंग फडफडणं, छाती भरून येणं. ही औषधं कातडीतून आत जातात. पंपाची गळती पाठीवर येते आणि तो भिजलेला सदरा बाबा संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवतात, हे मी न बघता सांगू शकते. सदरा तिथंच काढायचा, साबणानं अंग धुवायचं, वाऱ्याच्या तोंडी फवारायचं नाही, पंपाचं नोझल तोंडानं फुंकायचं नाही. त्रास वाढतोय असं दिसलं तर औषधाची बाटली किंवा तिचं लेबल घेऊन थेट दवाखाना. कोणतं औषध होतं ते डॉक्टरला कळलं तर उताऱ्याला उशीर होत नाही. तुझ्या 'विकरे' या प्रकरणात विकर-अवरोध असा एक कोरडा मथळा असेल. तो हाच.

तू म्हणशील, हे सगळं कळायला सायन्सला जावं लागतं. गडचिरोलीचं उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच, फार न शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचे श्वास मोजायचे, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर धोका ओळखायचा, बाळ ऊबेत ठेवायचं, जंतुसंसर्गावर उपचार करायचे. ३९ गावांत हे काम झालं आणि शेजारच्या ४७ गावांत फक्त नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेनं ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्या बायकांपैकी कुणी मायटोकाँड्रिया पाठ केला नव्हता. श्वास का चढतो ते त्यांना कळलं होतं.

त्या ४७ गावांवर जरा थांब. तिथं काहीच केलं नाही, मग नोंदी कशाला ठेवायच्या? कारण त्या वर्षी पाऊस-पाणी चांगलं झालं असतं, साथ आली नसती, तरी मृत्यू कमी झाले असते. तुलनेला दुसरी गावं नसती तर श्रेय कशाला द्यायचं हे कळलंच नसतं. तुझ्या पेपरमध्ये 'नियंत्रित प्रयोग' म्हणून दोन गुणांचा प्रश्न येईल. वावरात त्याची किंमत मोठी आहे. कृषी केंद्रवाला म्हणाला, हे टॉनिक मारा, पाती गळत नाही, तर बाबांना म्हणावं, सहा ओळींत मारा, शेजारच्या सहा ओळी तशाच सोडा आणि महिन्यानं दोन्हीकडची बोंडं मोजा. मोजणी तू कर.

परीक्षेचं थोडक्यात. परीक्षा जवळ आली असेल, तर सगळं समजून घ्यायच्या नादात पेपर बुडवू नकोस. मागच्या प्रश्नपत्रिका मिळव, आकृत्या रोज एक काढ, व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहून सरांना दाखव. सर वाईट नसतात गं. अर्ध्या वेळेत पूर्ण अभ्यासक्रम संपवायचं त्यांच्याही मागं लागलेलं असतं, आणि एखादी मुलगी प्रश्न घेऊन आली तर बहुतेकांना बरंच वाटतं. पोलीस भरतीच्या सामान्य ज्ञानात विज्ञानाचे प्रश्न येतात, तो उपयोग आहेच.

आता मावशी. ही गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण तुझ्या पत्रातला हा भाग वाचून मला झोप लागली नाही.

रक्त लाल असतं ते हिमोग्लोबिनमुळं. त्याची एक साखळी १४६ मण्यांच्या माळेसारखी आहे, अमिनो आम्लांची माळ. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. एवढ्यानं प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे गज बनतात आणि गोल, मऊ तांबडी पेशी इळ्यासारखी वाकडी, ताठ होते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात, म्हणून त्या पोराला असह्य दुखतं. धडधाकट तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून त्याचं रक्त कमी असतं. त्यानं भरपूर पाणी प्यावं, थंडीत अंग झाकावं, दमेपर्यंत धावू नये, औषध चुकवू नये. ताप आला तर घरी वाट बघू नये. शाळेत बाटली सोबत न्यायला मास्तरांनी हरकत घेऊ नये, हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं. तू सांग.

(पुढच्या भादव्यात सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपट आणि मुळावरची गाठ नखानं फोड. आतून गुलाबी निघेल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या दूरच्या भावाचा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वावरात कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते.)

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत सिकलची असेल तो वाहक, एएस. तो सहसा आजारी नसतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. दोन्ही प्रती सिकलच्या असतील तो एसएस. अळीची 'एक प्रत, दोन प्रती' आठव. मुलगा एसएस आहे म्हणजे एक प्रत मावशीची आणि एक काकांची. दुसरा रस्ताच नाही. सासरचे जे म्हणतात त्यातलं अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं त्यांच्याच घरातलं आहे. आणि दोष कुणाचाच नाही. ही प्रत कितीतरी पिढ्या उतरत आली. जिथं मलेरिया होता तिथं ती टिकली, कारण एक प्रत असलेल्यांना जिवावरचा मलेरिया कमी गाठतो. आपल्या जंगलपट्ट्यात मलेरिया किती जुना आहे, तुला ठाऊक आहे.

दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन वाहकाच्या, एक निर्धोकची. 'दर गरोदरपणात' यावर बोट ठेव. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दोन नाणी घे. छापा साधी प्रत, काटा सिकलची. एक नाणं आईचं, एक बापाचं. चाळीस वेळा फेक आणि वहीत लिही. दोन्ही काटे दहाच्या आसपास येतील, कधी लागोपाठ तीनदा येतील, कधी बराच वेळ येणारच नाहीत. यालाच तुझे सर मेंडेलचं गुणोत्तर म्हणतात.

२०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. तुझीही होऊ दे. तुझ्या आईची सख्खी बहीण वाहक आहे म्हणजे तुझ्या आईकडे ती प्रत असू शकते, आणि आईकडून तुझ्याकडे. वाहक निघालीस तर घाबरायचं काही नाही. लग्नाच्या वेळी मुलाचीही तपासणी मागायची. त्याच्याकडे सिकलची एकही प्रत नसेल तर तुमचं कुठलंही मूल एसएस होणार नाही.

हे सासरच्या मंडळींसमोर एकदम मांडायला जाऊ नकोस, भांडण होईल. काकांची तपासणी झाली नसेल तर ती आरोग्य केंद्राच्या ताईंकडून निघू दे. आधी मावशीला गाठ, एकटीला. बारा महिने तिनं ते ऐकून घेतलंय आणि बहुतेक तिला ते खरंही वाटू लागलं असेल. दोन नाणी घेऊन जा, फेकायला तिच्याच हातात दे.